सावित्रीचं माहेर

मु. पो. पोलादपूर, जि. रायगड
ता. २२ फेब्रुवारी १९८४

प्रिय ललिता,

उत्तर द्यायला फार उशीर झाला, माफ कर. तुझ्या भावाचं, श्रीपतचं, पत्र दिवाळीच्या फराळाबरोबर आलं आणि आता शिमगा तोंडावर आला. एवढ्या दिवसांत मामंजींनी साधं कार्डसुद्धा टाकलं नाही म्हणजे त्यांना राग आला, असं तुझ्या मनात आलं असेल. राग नाही गो. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा पहिल्याच ओळीला अडलो. तुझं लग्न झाल्यापासून मी तुला पत्रात चि. सौ. लिहीत आलो. आता सौ. लिहिता येत नाही, आणि त्या जागी जे लिहायची रीत आहे ते माझ्या हाताने लिहवत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. शेवटी नुसतं प्रिय लिहिलं. चुकलं असेल तर चालवून घे. आणि हे पत्र श्रीपतच्या हाती पडलं तर त्याने न फोडता तुला द्यावं, असं मी पाकिटावर लिहिणार आहे. त्याला वाईट वाटेल की काय ही आता नवी काळजी.

इकडे सगळं ठीक. तू आणलेलं खोकल्याचं औषध संपलं, पण खोकलाही कमी आहे. पांढरी कोंबडी मुंगसाने नेली. गाईला वासरू झालं, कपाळावर टिकली आहे, तुझी सासू त्याला दिवसभर बडबडून दाखवते आणि मी जवळ गेलो की गप्प होते. तू दर महिन्याला महाडहून चहापूड आणि औषध घेऊन यायचीस, ती श्रीपतचं पत्र आल्यापासून आली नाहीस. तुझा संकोच मला समजतो. पण म्हातारीला तो आणखी काही वाटतो. एस.टी. पलीकडे थांबली की ती अंगणात येऊन बघते आणि मग उगाचच झाडू मारायला घेते.

श्रीपतने सगळं नीट लिहिलं होतं. रघुवीर नावाचा मनुष्य महाडच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, बायको बाळंतपणात गेली, लहान मुलगी तुझ्याच बालवाडीत येते आणि तुझा पदर सोडत नाही. त्याने तुला मागणी घातली आहे. तू म्हणालीस की मामंजी आणि आत्याबाई दोघांनीही मनापासून हो म्हटलं तरच, एकाने म्हटलेलं चालणार नाही. आणि आमचं हो आलं तर श्रीपत आपल्या घरी, दिवेलागणीनंतर, चार माणसांत पाट लावून देईल. पत्र मी मोठ्याने वाचलं. तुझी सासू चुलीपुढे होती. ती उठली आणि गोठ्यात गेली, आणि भाकरी तव्यावर जळेपर्यंत आली नाही. मी त्याच दिवशी हो लिहिलं असतं. तू सव्विसाची आहेस, आम्ही आज आहोत उद्या नाही, हे मला काय कळत नाही? पण तू दोघांचं हो मागितलंस, आणि तिचं हो माझ्याजवळ नव्हतं. खोटं लिहायचं तर कसं लिहायचं.

तुला माहीत आहे ती कशी झाली होती ते. आपला पोरगा गेला त्याला या श्रावणात तीन वर्षं होतील. त्या पावसात कशेडीच्या पायथ्याशी आपण तिघं उभे होतो, माझ्याबरोबर रस्त्यावर काम केलेली माणसं वर त्याच्या ट्रकवर आलेली दरड उपसत होती आणि तिला कोणी पुढे जाऊ दिलं नाही. त्या दिवसापासून तिने त्याचं नाव काढलं नव्हतं. मीही काढत नव्हतो. या कागदावरही मी ते अजून लिहिलेलं नाही. पण पलीकडे हमरस्त्यावरून ट्रक जातात आणि त्यातला एखादा हॉर्न वाजवतो. आपला पोरगा वळणावर आला की हॉर्न द्यायचा आणि ती भाकरी टाकायला घ्यायची, तुला आठवत असेल, किती वेळा तूच पिठाचा डबा काढून दिला आहेस. अगदी परवापर्यंत हॉर्न वाजला की तिचा हात थांबायचा. जे काय करत असेल ते तसंच राहायचं, ट्रक पुढे निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत. मग ती परत कामाला लागायची. मी बघत नाही असं दाखवायचो.

तू महाडची, म्हणून आमच्या वाडीची एक जुनी रीत तुला ठाऊक नसेल. इथे मुलीचं लग्न ठरलं की तिचे आईबाप सावित्रीचं पाणी घेऊन वर क्षेत्र महाबळेश्वराला जातात, जिथे नदीचा उगम आहे तिथे. सावित्री एकदा डोंगर उतरली की खाडीला मिळते, परत माहेरी जात नाही. म्हणून तिचं कळशीभर पाणी आपण तिच्या माहेरी पोचवायचं, म्हणजे ती आपल्या पोरीचं माहेर तुटू देत नाही, असं जुनी माणसं सांगत. जायचं ते जुन्या पायवाटेने, पार घाट चढून आणि पुढे रडतोंडीच्या घाटाने. कळशी जमिनीला टेकवायची नाही. आणि ज्याच्या डोक्यावर कळशी असेल त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर पाणी बाटलं, ते ओतून द्यायचं आणि परत नदीपासून सुरुवात करायची. तुझी सासू या बाबतीत फार कडक. काशीबाईच्या मुलीच्या वेळी ही सोबत गेली होती. अर्ध्या घाटात काशीबाईच्या नवऱ्याच्या पायात काटा मोडला आणि तो आई गं म्हणाला, तर हिने सगळ्यांना परत खाली आणलं. काशीबाईने ते अजून सोडलेलं नाही. आता लोक एस.टी.ने बाटली भरून नेतात आणि संध्याकाळी घरी येतात. मी त्या आंबेनळीच्या रस्त्यावर मैलकुली म्हणून जन्म काढला, गटारं काढली, पावसाळ्यात पडलेल्या दरडी उचलल्या, तेव्हा रस्त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. आपल्या घरात मुलगी झालीच नाही. माझ्या आईची तांब्याची कळशी खुंटीला टांगलेली होती ती तशीच काळी पडली.

श्रीपतचं पत्र आल्यावर मी एकदा भीत भीत म्हटलं की आपण ललिताच्या नावाने पाणी नेऊ या का. ती काही बोलली नाही. मी महिनाभर रोज त्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसलो. संक्रांत झाली आणि एक दिवस बघतो तर तिने कळशी खाली काढली होती आणि चिंच लावून घासत होती, हात कोपरापर्यंत काळे. मला वाटलं, झालं, मानली. वाडीत लगेच कळलं. काशीबाई कुंपणावरून म्हणाली, 'सुनेचं पानी डोंगरावर नेतात ह्ये आमी कदी ऐकला नाय हां ठमे. आनि ती बी रांडावलेली सून.' तुझी सासू मान वर न करता म्हणाली, 'तुझ्या घोवासारा मोठा बोलनारा नाय ना सोबत, मंग जमंल.' त्यानंतर काशीबाई आत गेली. पण कोणाच्या नावाने पाणी चाललं आहे ते तुझ्या सासूने तिलाही सांगितलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आम्ही पहाटे नदीवर कळशी भरली आणि किनेश्वरच्या वाटेला लागलो. पहिल्यांदा मी घेतली. तुला माझा स्वभाव माहीत आहे. शंभर पावलं गेलो नाही तोच मला वाटायला लागलं की घराला कुलूप लावलं का. विचारता येईना. मी हाताने किल्ली फिरवून दाखवली. ती म्हणाली, 'लावलाय कुलूप.' मग मी कोंबड्यांसारखी मान हलवली. 'कोंबड्या जानूबाय नाय, काशीबाय बगनार हाय. चला आता, उगा नाचू नका, पानी सांडंल.' जानूबाई म्हणून आमची कोणी शेजारीण नाही हे तुला माहीतच आहे. जानू माझं नाव, पण ती मला कधी नावाने हाक मारत नाही, चिडवायचं झालं की असं एखाद्या बाईचं करून म्हणते, आणि तेही मी लग्नानंतर पहिल्या काही वर्षांतच ऐकलेलं. तीन वर्षांत ती पहिल्यांदा हसण्यासारखं बोलली. माझ्या डोक्यावर कळशी, मला धड हसताही येईना.

चढ सुरू झाला तेव्हा तिने कळशी घेतली आणि मग मी बोलायला लागलो. खरं सांगायचं तर मी हे आधीच योजलं होतं. तिला उत्तर देता येणार नाही, उठून गोठ्यातही जाता येणार नाही, तेव्हा तिला ऐकावंच लागेल. मी सगळं बोललो. तू अजून पोर आहेस. त्या माणसाची मुलगी आईवाचून आहे. आपल्या मागे तुला कोण. पोरगा असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं. म्हातारी पुढे चालत राहिली. मी जसजसा बोलत गेलो तसतशी तिची चाल वाढत गेली, शेवटी मला बोलायला दमच राहिला नाही. एका हिरड्याच्या झाडाखाली ती थांबली आणि कळशी माझ्या डोक्यावर ठेवली. आणि आता मला बोलता येत नाही म्हटल्यावर ती बोलायला लागली.

तीन वर्षांचं बोलली. तो लहान असताना नदीत कसा बुडता बुडता वाचला, पहिला पगार आला तेव्हा तिच्यासाठी हिरवं लुगडं घेऊन आला आणि ती म्हणाली हा रंग मला शोभत नाही, ते लुगडं अजून घडी मोडल्याशिवाय ट्रंकेत आहे. तू घरात आल्यावर तो घरी लवकर यायला लागला, त्याचा तिला आधी थोडा राग आला आणि मग बरं वाटलं. हे सगळं ती माझ्या मागून बोलत होती, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. मग म्हणाली, 'तुमी मघाशी येवढा सांगितलात, ता मी ऐकला. पन मी ह्ये पानी ललितीसाटी नाय आनलेला. मला लेक नाय. लेक व्हता. त्याला शेवटाला माज्या हातचं पानी नाय मिळाला. मी त्याच्याच नावानं सोडनार.' ललिता, तेव्हा मला कळलं. आम्ही दोघं एकच कळशी घेऊन डोंगर चढत होतो आणि ती दोन वेगळ्या माणसांसाठी होती. आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. मी चालत राहिलो. तिचं म्हणणं खोटं थोडंच होतं.

खिंडीत पोचलो तेव्हाही कळशी माझ्याच डोक्यावर होती. तिथून मागे वळलं की आपलं सगळं खोरं दिसतं, नदी सुतासारखी, पोलादपूरची कौलं, आणि दूर दक्षिणेला निळसर असा कशेडीचा डोंगर. ती तिकडे बघत उभी राहिली. मी पुढे जायचं थांबलो. मग ती माझ्याशी नाही, त्या डोंगराशी बोलल्यासारखं म्हणाली, 'ती बी गेली म्हंजे त्याचं नाव घेनारा कोन रवला?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'मी हाय ना गो.'

निघून गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. एवढं चढून आणलेलं पाणी माझ्या एका वाक्याने बाटलं. आता ही ओतायला लावणार, परत खाली नदीपर्यंत, आणि परत चढायला आमच्या दोघांच्या अंगात ताकद उरलेली नाही. मी कळशी उतरवायला हात वर केले. ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. लग्न होऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, पण असं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, 'वर वारा लय हाय. कायबी ऐकू येत नाय. आना ती हकडं.' वारा नव्हता ललिता. कारवीचं पानसुद्धा हलत नव्हतं. काशीबाईच्या नवऱ्याला एका काट्यासाठी परत फिरवणारी ही बाई. तिने चुंबळ नीट केली, कळशी आपल्या डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.

त्या रात्री पार गावात देवीच्या देवळात राहिलो, कळशी शिंक्यात घालून मंडपाच्या खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी रडतोंडीचा घाट चढलो. नावाप्रमाणेच आहे तो, उभाच्या उभा, दर वळणावर माणूस रडकुंडीला येतो. मी दोनतीनदा कळशी मागितली. तिने मान हलवली. तिने दिलीच नाही, आणि त्यामुळे ती काही बोललीही नाही. माझ्याजवळची सगळी बोलणी कालच संपली होती. माझ्या मनात एवढंच येत होतं की ही त्याच्या नावाने पाणी सोडणार, तो तिचा हक्क आहे, आणि मग मी घरी जाऊन ललिताला काय लिहू.

वर गार होतं, धुकं देवळात शिरलं होतं. पाच नद्यांच्या धारा तिथे येतात त्यातली सावित्रीची गुरवाने दाखवली. त्याने तिच्या डोक्यावरची कळशी उतरवून घेतली आणि विचारलं, 'कुणाच्या नावानं सोडायचं? पुरतं नाव सांगा.' ती धारेकडेच बघत होती. गुरव म्हणाला, 'आजी, मागं माणसं आहेत.' मग ती म्हणाली, 'ललिता.' मी तिच्याकडे बघितलं. गुरव म्हणाला, 'पुढं?' पुढं काय ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. ललिता महिपती. तुझ्या नावापुढे तेच नाव आहे, आणि ती ते तीन वर्षांत बोललेली नव्हती. मला वाटलं आता ते तिच्या तोंडून येईल आणि ती इथेच खाली बसेल, म्हणून मी तिच्या दंडाला धरलं. गुरवाला काय माहीत. तो म्हणाला, 'लग्नाची मुलगी ना? मग तिच्या बापाचं नाव घ्या.' तुला माहीत आहे, हिने उभ्या जन्मात माझं नाव सरळ घेतलं नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायला बसवली तर अर्ध्यावर रडून उठली. मतदानाला साहेबाने विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवते. त्या दिवशी तिने पदर डोक्यावर ओढला आणि गुरवाला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, 'जानू. ललिता जानू उतेकर.' गुरवाने कळशी तिरकी केली. पाणी धारेत मिसळलं आणि कुठलं आपण आणलेलं आणि कुठलं तिथलं ते कळेनासं झालं. मी खांबाआड जाऊन उभा राहिलो.

उतरताना कळशी रिकामी होती, दोघांनाही बोलायला मोकळीक होती. ती महिपतीचं बोलत होती, नाव घेऊन, पारपर्यंत आणि पुढेही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापत होती आणि पलीकडे हॉर्न वाजला. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, 'आपला नाय तो.' मी अंगणात गेलो. त्यानंतर हे पत्र लिहायला घेतलं.

तर पत्र यासाठी की आमचं हो आहे, दोघांचंही, आणि त्यातलं तिचं हो मी तुला जसं मिळालं तसं सांगितलं. पण तिची एक अट आहे आणि ती माझीही आहे. श्रीपतला सांग, दिवेलागणीनंतरचा पाट नको. लग्न आपल्या दारात होईल, उन्हात, मांडव घालून, मुंडावळ्या बांधून. काशीबाईला पहिलं बोलावणं. ज्या उंबऱ्यावर तू माप ओलांडून आलीस त्याच उंबऱ्यावरून लेक म्हणून जाशील. ट्रंकेतलं हिरवं लुगडं तुझी आई तुला नेसवणार आहे, घडी तूच मोडायची. पत्रिकेत काय छापायचं ते मी लिहून ठेवलं आहे, आमची कन्या चि. सौ. कां. ललिता, एवढं लिहिताना या वेळी पेन अडलं नाही. रघुवीररावांच्या मुलीलाही घेऊन ये, तिला वासरू बघायचं असेल. तू गेल्यावर हे घर कसं वाटेल ते मला माहीत आहे, ते तुला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, तरी लिहून गेलो. त्याकडे लक्ष देऊ नको. तुझं मन मागे असेल तर तसंही कळव, पण आमच्यासाठी म्हणून मागे राहू नको, ते पाणी आम्ही वर सोडून आलो आहोत. दोन ओळी लवकर टाक. कुठल्या दिवशी येतेस तेवढं लिही, एस.टी. उशिरा आली तरी मी पुलावर उभा असेन, आणि ती अंगणात झाडू मारत असेल.

तुझाच,
बाबा